आधीपासून ओळखणारा माणूस

प्रेमकादंबरीचा वाचक शेवट गृहीत धरूनच पुस्तक उघडतो. दोघं एकत्र येणार हे त्याला मुखपृष्ठ पाहूनच कळलेलं असतं. तरी तो तीन-साडेतीनशे पानं वाचतो, कारण त्याला ते कसं घडतं हे पाहायचं असतं. इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांच्या वाचकांनी या 'कसं'चे प्रकार पाडून ठेवले आहेत: आधी वैर मग प्रेम, लग्नाचं नाटक आणि त्यातून खरं लग्न, तुटलेल्या नात्याला दुसरी संधी. त्यांतला 'फ्रेंड्स टु लव्हर्स', म्हणजे मैत्रीतून उमललेलं प्रेम, हा प्रकार मला सर्वांत कसदार वाटतो. बाकीच्या प्रकारांत दोघांच्या आड बाहेरचं काहीतरी येतं. घरचे येतात, पैसा येतो, तिसरा माणूस येतो. इथे आड येते ती खुद्द मैत्री. मनातलं बोलून टाकलं आणि समोरून नकार आला, तर प्रेम हुकतंच. शिवाय असं काही झालं की ज्याच्याकडे जाऊन मन मोकळं करायचं, तो माणूसही हातचा जातो. हा दुहेरी तोटा ज्या लेखकाला नीट कळला, त्याची कादंबरी खोल जाते.

या घराण्याची थोरली म्हणजे जेन ऑस्टिनची 'एमा'. ती डिसेंबर १८१५ मध्ये प्रसिद्ध झाली. एमा वुडहाउस एकवीस वर्षांची, श्रीमंत, हुशार आणि गावातल्या सगळ्यांची लाडकी. तिला कोणी चुकीचं म्हणत नाही, एक नाइटली सोडून. तो शेजारच्या इस्टेटीचा मालक, तिच्या बहिणीचा दीर, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा आणि घरात रोजचा येणारा-जाणारा. कादंबरीचं हृदय बॉक्स हिल नावाच्या टेकडीवरच्या सहलीत आहे. कंटाळलेली मंडळी खेळ काढतात: प्रत्येकाने एक फार हुशारीची गोष्ट सांगावी, दोन बऱ्यापैकी सांगाव्यात, नाहीतर तीन अगदी रटाळ. मिस बेट्स ही गरीब, बडबडी, भाबडी प्रौढा हसत म्हणते की, रटाळ तीन तर माझ्या तोंडून सहज निघतील. त्यावर एमा सगळ्यांसमोर तिला टोमणा मारते, की अडचण एवढीच, एका वेळी तीनवरच थांबावं लागेल. मिस बेट्सला तो उशिरा कळतो. कळल्यावर ती रागावत नाही, ओशाळते.

परत निघताना नाइटली एमाला गाडीपाशी गाठतो आणि सुनावतो. ती बाई गरीब आहे, चांगले दिवस पाहून खाली आलेली आहे, तुला लहानपणापासून पाहत आली आहे. तुझ्या तोंडून हे शोभत नाही. शेवटी एमाला एक शब्द सुचत नाही. गाडी सुटते आणि ती घरी पोहोचेपर्यंत रडत राहते. सबंध कादंबरीत प्रेमाचा याहून मोठा पुरावा नाही. फ्रँक चर्चिल हा देखणा तरुण तिची दिवसभर स्तुती करत असतो, आणि त्या स्तुतीला काही किंमत नाही हे ऑस्टिन त्याच टेकडीवर दाखवून देते. जो तुम्हाला सुनावण्याची जोखीम घेतो, त्याला तुमच्याकडून काही मिळवायचं नसतं, तुम्ही चांगलं असावं एवढंच हवं असतं.

पुढे एमाच्या घरच्या, हार्टफील्डच्या बागेतला प्रसंग आहे, आणि तो मी कितीदाही वाचू शकतो. नाइटली काहीतरी बोलू पाहतो. तो तिच्या मैत्रिणीवरच्या, हॅरिएटवरच्या प्रेमाची कबुली देणार, अशा समजुतीने एमा त्याला अडवते. तो गप्प होतो. मग तिला त्याचं ते दुखावलेपण सोसत नाही. तो जे सांगेल ते आपलं काळीज चिरून गेलं तरी ऐकायचं, असं ठरवून ती बागेत आणखी एक फेरी मारायला वळते आणि म्हणते, मैत्रीण म्हणून ऐकेन. ती हे बोलते तेव्हा तिच्या मते तिने सगळं गमावलेलं असतं, आणि नेमकी तिथूनच त्याला वाट मिळते. लग्नानंतरही तो तिला स्वतःच्या मोठ्या घरी नेत नाही. तिच्या हेकट, आजारभित्र्या वडिलांना सोडून ती येऊ शकणार नाही हे जाणून तोच तिच्या घरी राहायला येतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या जमीनदाराने हे करावं, याला मी मैत्रीच म्हणेन.

एल. एम. माँटगोमेरीने हाच धागा कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर नेला. 'अॅन ऑफ ग्रीन गेबल्स' १९०८ची. गिल्बर्ट ब्लाइथ लाल केसांवरून चिडवतो, अॅन पाटी त्याच्या डोक्यावर फोडते, आणि वर्षानुवर्षं बोलत नाही. शेवटी तिला आपला सांभाळ केलेल्या म्हाताऱ्या मरिलाजवळ राहता यावं म्हणून तो गावातल्या शाळेची नोकरी तिच्यासाठी सोडतो. मैत्री तिथून सुरू होते. १९१५च्या 'अॅन ऑफ द आयलंड'मध्ये तो मागणी घालतो आणि ती नकार देते, कारण तिच्या स्वप्नातला नायक वेगळा आहे. लेखिका तोही तिच्यापुढे आणून उभा करते. रॉय गार्डनर उंच, देखणा, श्रीमंत, कविता करणारा आहे. त्याने मागणी घातली त्या क्षणी अॅनला कळतं की याच्याबरोबर आपण जगू शकणार नाही. मग गावी एका रात्री गिल्बर्ट विषमज्वराने शेवटच्या घटका मोजतोय अशी बातमी येते, आणि ती वादळी रात्र ती खिडकीशी काढते. पहाटे रस्त्याने जाणारा एक गडी सहज सांगून जातो की त्याला उतार पडलाय. त्या गड्याला आपण काय सांगितलं याचा पत्ताही नसतो.

लुइसा मे अल्कॉटने मात्र उलटी वाट धरली. तिच्या 'लिटल विमेन'चे दोन भाग १८६८ आणि १८६९ मध्ये आले. मराठी वाचकांना ती शांता शेळके यांच्या 'चौघीजणी'मुळे घरची झाली. पहिल्या भागानंतर मुलींची पत्रं येऊ लागली की नायिका जो आणि तिचा मित्र लॉरी यांचं लग्न लावा. अल्कॉटने ऐकलं नाही. आपण दोघंही तापट, रोज भांडू, असं सांगून जो त्याला परत पाठवते. यावर हळहळणारे वाचक मला आजही भेटतात. मला तो निर्णय बरोबर वाटतो. जो लॉरीला इतकं ओळखते की त्याच्याशी लग्न करू नये हेही तिला कळतं. मैत्री खरी असेल तर तिच्यातून 'नाही'देखील निघू शकतं. ती शक्यता शिल्लक असते म्हणून बाकीच्या कादंबऱ्यांतल्या 'हो'ला वजन येतं.

आपल्या काळात या प्रकाराला पुन्हा बहर आला. डेव्हिड निकोल्सची 'वन डे' (२००९) एमा आणि डेक्स्टर यांना १५ जुलै १९८८ला, एडिंबरात पदवी घेतल्या दिवशी भेटते आणि मग दरवर्षी त्याच तारखेला. मधली वर्षं आपण अंदाजाने भरायची. ही रचना मला फार योग्य वाटते, कारण जुन्या मित्रांना आपण असंच भेटतो. डेक्स्टर टीव्हीवर प्रसिद्ध होतो, नशेत वाहवतो, आणि एका जेवणात एमा त्याला सांगते की माझं प्रेम आहे, पण तू मला आवडेनासा झालास. बॉक्स हिल पुन्हा आलीच! फक्त इथे सुनावणारी ती आहे, आणि सुधारायला त्याला फार वर्षं लागतात. शेवट कोणाला सांगू नये, पण ही कादंबरी वाचणाऱ्याने रुमाल जवळ ठेवावा.

सिसिलिया अहर्नच्या 'व्हेअर रेनबोज एंड'मध्ये (२००४) रोझी आणि अॅलेक्स यांची गोष्ट निव्वळ चिठ्ठ्या, पत्रं, ईमेल आणि चॅट यांतून उलगडते. अॅलेक्स शाळेत असताना एक साधा शब्द चुकीचा लिहितो आणि मोठा झाल्यावरही तसाच लिहीत राहतो. त्या एका चुकीत मला सगळी मैत्री दिसते. तरी कादंबरी मध्यावर ढिली पडते. एक महत्त्वाचं पत्र भलत्याच्या हाती लागतं आणि पुढची वर्षं त्यावर चालतात. दोघांना बोलायला धीर होत नाही हे मला पटतं. टपाल लपवल्यामुळे दोघं दुरावतात तेव्हा मात्र ते मला पटत नाही.

एमिली हेन्रीने ही चूक केली नाही. 'पीपल वी मीट ऑन व्हेकेशन'मध्ये (२०२१) भटकी पॉपी आणि गावाकडे मास्तरकी करणारा अॅलेक्स दर उन्हाळ्यात एकत्र सहलीला जातात. मग दोन वर्षं बोलणं बंद असतं, आणि पाम स्प्रिंग्जच्या उन्हात, एसी बिघडलेल्या घरात, ती तुटलेली मैत्री सांधायची असते. खरी गाठ मात्र पॉपीच्या मनात असते. शाळेत मुलांनी छळलेल्या त्या लहान गावाला ती इतकी भ्याली आहे की तिथे राहणाऱ्या माणसावर प्रेम करायचीही तिला भीती वाटते. ही गाठ तिला स्वतःच सोडवावी लागते, मदत घेऊन. मित्राने प्रेम केलं म्हणून जुनी जखम आपोआप भरत नाही, हे हेन्री हलक्याफुलक्या गोष्टीतही विसरत नाही.

मराठीत या वाटेवर सर्वांत पुढे गेल्या त्या गौरी देशपांडे. 'एकेक पान गळावया'पासून (१९८०) त्यांच्या बायका पुरुषाकडे मैत्री मागत राहिल्या, बहुतेक लग्नानंतर, आणि ती मिळणं किती अवघड आहे हे आपल्याला दाखवत राहिल्या. मैत्रीपासून प्रेमापर्यंतचा लांब, सावकाश रस्ता मात्र आपल्या कादंबरीत अजून फारसा चाललेला दिसत नाही. त्याचं साहित्य तर आजूबाजूला पडलेलं आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी रात्री संपतात तेव्हा नेपथ्य उचलायला मागे राहणारे दोघं, राजमाचीच्या वाटेवर एकमेकांची सॅक वाहणारे, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत पुण्यात शेजारी बसून एकाच डब्यातलं खाणारे. यांना एकमेकांची आडनावं पहिल्याच दिवशी कळलेली असतात आणि त्या आडनावांचा अर्थ दोघांच्या घरी काय होतो हेही. ही माणसं बोलत नाहीत ती केवळ लाजेमुळे नव्हे. त्यांच्या त्या न बोलण्याला तीनशे पानं देणारी कादंबरी कोणी लिहिली, तर मी ती पहिल्या आवृत्तीतच विकत घेईन.