पाणी प्यायलेली गाडी

जुनी गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा, "इंजिन चालू करून ठेवू नका." गार इंजिन खोटं बोलत नाही. सुरू होताना क्षणभर निळा धूर आला नि थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं गेलीत, खर्च बेताचा. पण मुंब्रा बायपासच्या चढावर निळा धूर येतच राहिला, तर रिंगा झिजल्यात, इंजिन उघडावं लागणार. सकाळची थोडी पांढरी वाफ मनावर घेऊ नका. इंजिन तापल्यावरही ती थांबली नाही, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात खरी भीती पाण्याची. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. अशी बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून, सेंट मारून विकायला येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ सापडते. तिथवर साफ करायचं सहसा कुणाला सुचत नाही! मॅटखालचे सीटचे बोल्ट गंजलेत का, तेही पाहा. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर नमस्कार करून निघा.

आणि तुमच्याच गाडीत पाणी शिरलं, तर 'बघू तरी' म्हणून किल्ली फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो नि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान साध्या विम्यात सहसा बसत नाही. गाडी टोचन करूनच गॅरेजला न्या.