शेपूट हलतंय, म्हणजे कुत्रा खूश आहे?

सकाळी पुण्यात स्वारगेटला एसटीतून उतरणारा माणूस कुत्र्याला कसा दिसत असेल? पाठीवर फुगलेली सॅक, डोक्याला कानटोपी आणि मागे खडखडत येणारी चाकांची बॅग. मुकुंदनगर किंवा सारसबागेच्या बाजूला कुत्र्याला फिरवायला नेणाऱ्यांना अशी माणसं पावलोपावली भेटतात. कुणी प्रेमाने हात पुढे करतं आणि मालक म्हणतो, "काही करत नाही हो तो!" कुत्रा मात्र केव्हापासून अंगाने 'नको' म्हणत असतो. ते आपल्याला कळत नाही, याचं कारण काही जुने गैरसमज.

गैरसमज : शेपूट हलवतोय म्हणजे खूश आहे.
वस्तुस्थिती : हलणारं शेपूट एवढंच सांगतं, की कुत्र्याच्या मनात खळबळ आहे. ती आनंदाची की ताणाची, हे उरलेलं अंग सांगतं. शेपटीसोबत कंबरही सैल डुलत असेल, तर तो मैत्रीला तयार आहे. शेपूट ताठ उभं आणि फक्त टोक भराभर हलत असेल, तर सावध व्हा. पायांत घातलेलं शेपूट हलत असेल, तर तो भ्यालेला आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००७मध्ये ३० पाळीव कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकत होतं, दांडगट अनोळखी कुत्रा दिसला की डावीकडे. हा फरक चित्रीकरण बारकाईने तपासल्यावर कळला. रस्त्यात तो नुसत्या डोळ्यांनी शोधू नका. त्यापेक्षा आपल्या कुत्र्याचं शेपूट एरवी कसं असतं, ते ओळखून ठेवा. गावठी कुत्र्याचं शेपूट बहुधा मुळातच वर वळलेलं असतं, कारवानी जातीच्या कुत्र्याचं खाली असतं.

गैरसमज : भुंकणारा कुत्रा चावत नाही.
वस्तुस्थिती : ही म्हण आहे, नियम नव्हे. अनोळखी माणसावर भुंकणारे बरेच कुत्रे भीतीने भुंकतात. 'लांब राहा' एवढंच त्यांचं म्हणणं असतं. ते न ऐकता माणूस पुढे आला, तर भुंकणारा कुत्राही चावतो. त्याहून धोक्याची खूण म्हणजे अचानक आलेली शांतता. धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं, अंग दगडासारखं थिजतं, नजर रोखली जाते. अशा वेळी एक पाऊलही पुढे टाकू नका.

गैरसमज : जांभई दिली म्हणजे कंटाळला, ओठांवरून जीभ फिरवली म्हणजे भूक लागली.
वस्तुस्थिती : समोर खाणं नसताना, झोपेची वेळ नसताना हे घडलं, तर ती अस्वस्थतेची खूण असू शकते. तोंड फिरवणं, पुढचा पाय उचलून धरणं, डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसणं, याही तशाच खुणा. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक टुरिड रुगास यांनी यांतल्या अनेक खुणांकडे जगाचं लक्ष वेधलं. कुत्र्याचं 'नको' इथेच सुरू होतं.

गैरसमज : गुरगुरला की लगेच दटावायचं, म्हणजे सवय मोडते.
वस्तुस्थिती : गुरगुरणं हा चावण्याआधीचा इशारा आहे. दटावल्याने आवाज बंद होतो, भीती तशीच राहते. मग एखाद्या दिवशी तो इशारा न देताच चावतो. गुरगुरला, तर त्याला तिथून दूर न्या आणि तो कशाला घाबरला ते शोधा.

गैरसमज : ओळख करून घ्यायला हुंगायला हात पुढे धरावा.
वस्तुस्थिती : तुमचा वास त्याला उभ्या जागीच येतो. तोंडासमोर आलेला हात मात्र त्याला धाक वाटू शकतो. आधी मालकाला विचारा. मग थोडं तिरकं उभं राहा, डोळ्यांत रोखून पाहू नका, त्याला आपणहून येऊ द्या. आला, तर डोक्यावरून हात न नेता छातीजवळ किंवा कुशीला दोन-तीन सेकंद कुरवाळा आणि थांबा. तो आणखी जवळ सरकला तर त्याला हवंय. मागे सरला तर विषय संपला.

गैरसमज : माणूस जवळ आला की पट्टा आवळून धरावा.
वस्तुस्थिती : आवळलेल्या पट्ट्याने कुत्र्याची बाजूला सरकण्याची वाट बंद होते आणि तुमचा ताण त्याच्यापर्यंत पोहोचतो. पट्टा हातात पक्का, पण थोडा सैल ठेवा. गर्दी दिसली की आधीच वळसा घ्या, बाजूच्या गल्लीत शिरा.

एवढं करूनही दात किंवा नख लागलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस वाचवते.

कुत्रा बोलत नाही, पण लपवतही नाही. म्हणून उद्या फिरायला निघाल्यावर कुणी हात पुढे केला, तर आधी कुत्र्याच्या अंगाकडे पाहा. तिथे 'नको' दिसलं, तर "काही करत नाही" म्हणू नका. "थांबा, तो घाबरलाय," असं त्याच्या वतीने तुम्ही सांगा.