एक क्रियापद, सहा वेळा

इंग्रजीचे शिक्षक रजेवर गेल्यामुळे गेल्या महिन्यात बारावीच्या गृहपाठाच्या वह्या माझ्याकडे आल्या. लिंकनच्या गेटिसबर्ग येथील भाषणातील वाक्यरचना व वक्तृत्व यांचे परीक्षण करावयाचे होते. बहुतेकांनी अलंकारांची नावे अचूक टिपली होती : येथे पुनरुक्ती, तेथे विरोध, शेवटी दीर्घ मिश्र वाक्य. परंतु वक्त्याला ती पुनरुक्ती का करावीशी वाटली, हा प्रश्न एकाही वहीत नव्हता.

अमेरिकेतील यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणप्रसंगी, 19 नोव्हेंबर 1863 रोजी, हे भाषण झाले. आधी एडवर्ड एव्हरेट हे नामवंत वक्ते सुमारे दोन तास बोलले. लिंकन उणीपुरी तीन मिनिटे. शब्द सुमारे 270, वाक्ये दहा. इतक्या काटकसरीच्या भाषणात ‘डेडिकेट’ हे क्रियापद सहा वेळा येते, ते काही अनवधानाने नव्हे.

मी मुलांना सांगितले, “नावे बाजूला ठेवा. या क्रियापदासाठी ज्याने त्याने आपल्या घरच्या भाषेतला शब्द योजावा.” आमच्या वर्गात मराठी घरची मुले मूठभर. त्यांतील एकाने लिहिले : राष्ट्र तत्त्वाशी बांधलेले, भूमी अर्पण केलेली, आपण कार्यास वाहून घेतलेले. तीन ठिकाणी तीन शब्द, आणि भाषणाचा कणाच मोडला! तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, तिन्ही ठिकाणी ‘वाहणे’ चालेल. आजी देवाला फुले वाहते ना, तसे.”

खरेच चालते. तत्त्वाला वाहिलेले राष्ट्र. मृतांना भूमी वाहण्यास जमलेले लोक. परंतु ती वाहणारे आपण कोण, लढणाऱ्यांनीच ती आधी पावन केली आहे. तेव्हा जिवंतांनी आता स्वतःलाच वाहून घ्यावे. क्रियापद तेच, कर्म मात्र भूमीवरून सरकत श्रोत्यावर येऊन थांबते. ही त्या पुनरुक्तीची करामत.

शेवटचे वाक्य ऐंशीहून अधिक शब्दांचे. ते तोडून पाच वाक्ये करा म्हटले, तर मुलांच्या हाती सूचनांची यादी आली. मुळात एकेक गौण वाक्य आधीच्याला टेकून उभे आहे. पूर्णविराम पडताच तो आधार जातो. (व्याकरण कंटाळवाणे असते, हा समज आम्ही शिक्षकांनीच पसरविला.)

पुढील गृहपाठात मी अलंकाराच्या नावाला अर्धा गुण ठेवला, कारणाला साडेचार. एका पालकांची तक्रार आली आहे. अर्ज मोठा अलंकारिक आहे.