कन्नड अर्जातले ओळखीचे शब्द: यजमानी, साल, वजा

तुम्ही बेंगळुरूत राहता, घरी मराठी बोलता आणि योजनेचा अर्ज मात्र कन्नडात असतो. बेंगळुरू वन केंद्रात कोणी तो वाचून दाखवला, की बरेच शब्द कानाला ओळखीचे लागतात: अर्जी, मंजूर, जमा, बाकी, जामीन. हे शब्द अरबी-फारसीतून दोन्ही भाषांत आले. 17व्या शतकात बेंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे होती, तेव्हा दख्खनच्या दफ्तरांत असेच शब्द चालत. या पाच शब्दांचा अर्थ तुम्हाला वाटतो तोच आहे. पुढच्या शब्दांचे मात्र तसे नाही.

यजमानी म्हणजे कोण?

गृहलक्ष्मी योजनेत दरमहा ₹2,000 कुटुंबाच्या 'यजमानी'ला मिळतात. मराठीत 'आमचे यजमान' म्हणजे नवरा, नाहीतर ज्यांच्याकडे आपण पाहुणे म्हणून जातो ते. संस्कृतात यजमान म्हणजे स्वतःसाठी यज्ञ करवणारा, म्हणजेच खर्च उचलणारा. त्यावरून कन्नडात तो घरचा कर्ता झाला. बोलताना कन्नड बायकाही नवऱ्याला 'यजमानरु' म्हणतात, त्यामुळे शेजारणीला विचारले तरी गोंधळ मिटेलच असे नाही.

अर्जात अर्थ एकच धरायचा: रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव आहे, ती स्त्री. नवऱ्याची माहिती 'पती' या शब्दापुढे द्यायची. घरात सासू आणि सून दोघी असतील आणि कार्डावर प्रमुख सासूबाई असतील, तर पैसे त्यांच्याच नावे येतात. सुनेने वेगळा अर्ज करून उपयोग नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार रेशनकार्डासाठी घरातली 18 वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते. तुमच्या जुन्या कार्डावर अजून पुरुषाचे नाव प्रमुख म्हणून असेल, तर आधी ते बदलून घ्या, मग अर्ज करा. यजमानी किंवा तिचा पती आयकर भरत असेल किंवा जीएसटी विवरणपत्र भरत असेल, तर हा लाभ मिळत नाही.

साल फेडावे लागते

मराठीतले 'साल' फारसी आहे, अर्थ वर्ष. कन्नडातले 'साल' मूळचे कन्नड आहे आणि त्याचा अर्थ कर्ज. उच्चार जवळचा, पण नाते काहीच नाही. इथे चूक झाली तर ती खिशाला लागते, म्हणून सही करण्यापूर्वी दोन शब्द वेगळे करून पाहा: 'सहायधन' म्हणजे अनुदान, ते परत करायचे नसते, 'साल' परत करायचे असते. विकास निगमांच्या स्वयंरोजगार योजनांत एकाच मंजुरीपत्रात दोन्ही असू शकतात. समजा ₹50,000 मंजूर झाले आणि त्यात ₹10,000 सहायधन आहे, तर ₹40,000 तुमच्या डोक्यावर कर्ज आहे. फेरीवाल्यांना पीएम स्वनिधीतून मिळणारी रक्कमही सालच आहे, ती बक्षीस नाही.

याच कागदावर 'असलु' म्हणजे मुद्दल, 'बड्डी' म्हणजे व्याज आणि 'कंतु' म्हणजे हप्ता. आपला हप्ता फारसी 'हफ्त' म्हणजे सात यावरून आला. मुळात तो आठवड्याचा. कंतु बहुधा महिन्याचा असतो, तरी तारीख विचारून घ्या. गृहलक्ष्मीच्या पैशांनाही कंतुच म्हणतात, पण तिथे तो तुम्हाला मिळतो.

आणि 'जामीन' दोन्हीकडे सारखाच, म्हणूनच सांभाळून. शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलात, तर भारतीय करार कायदा, 1872 नुसार, करारात वेगळे लिहिले नसेल तर, तुमची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते.

अर्ज वजा झाला तर

आपल्याकडे दहा वजा दोन आठ. कन्नडातही वजावट असा अर्थ आहे, पण 'अर्जी वजा' म्हणजे अर्ज फेटाळला. 'तिरस्कृत' असा शेरा दिसला तरी अर्थ तोच: नामंजूर. कोणी तुमचा तिरस्कार केलेला नाही, वाईट वाटून घेऊन घरी बसू नका. कारण लेखी मागा. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला नाकारला गेला असेल, तर कर्नाटकाच्या 2011 च्या सकाल कायद्याखाली अपील करता येते. त्यासाठी अर्जाच्या पावतीवरचा 15 अंकी जीएससी क्रमांक लागतो, म्हणून पावती जपून ठेवा. उत्पन्नाला कन्नडात 'आदाय' म्हणतात. 'दाखले' मात्र कोणत्याही कागदपत्राला म्हणतात, म्हणून नुसते 'दाखले आणा' असे सांगितले तर नेमका कोणता कागद, ते विचारा.

'विळास' या रकान्यात पत्ता लिहायचा.

'खाता' विचारला, तर बँकेचे की घराचे, हे आधी स्पष्ट करून घ्या. बेंगळुरूत घराचा खाता म्हणजे मालमत्ता करासाठी पालिकेच्या दप्तरी असलेली नोंद. नुसत्या खात्याने मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी नोंदणी केलेले खरेदीखत लागते. घर विकत घेताना कोणी फक्त खाता दाखवला, तर खरेदीखत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.