न पाहता चित्र कसे काढावे?

माझ्या मित्राला डोळ्यांनी दिसत नाही. चित्रकलेच्या तासाला तो नुसता बसून राही. एकदा मीच त्याला बैल काढून दिला. तो म्हणाला, "हा तं तुया बैल हाय." मला वाईट वाटले.

मग गुरुजींनी युक्ती सांगितली. पुठ्ठ्याला बाभळीचा डिंक लावायचा व त्यावर सुतळी हवी तशी वळवून चिकटवायची. वाळली की रेघ बोटाला लागते. आत ज्वारीचे दाणे भरायचे. डिंक घट्ट पाहिजे, आमची सुतळी दोनदा सुटली!

वर्गातल्या एका मुलीची मूठ मिटत नाही. तिच्या ब्रशला चिंधी गुंडाळून तो जाड केला. आता तो पडत नाही.

शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी गेली. तरी ते कागद कापून चित्रे करीत. १९७२ साली त्यांनी फरशांचे मोठे भित्तिचित्र केले.

पोळ्याला मित्राने मातीचा बैल केला. आधी गोठ्यात जाऊन त्याने घरच्या बैलाला हात लावून पाहिले. त्याच्या मातीच्या बैलाचे डावे शिंग खाली वळले आहे. मी म्हटले, चुकले. नंतर जाऊन पाहिले तर खऱ्या बैलाचे तसेच होते. मी तो बैल रोज पाहतो!

— इयत्ता ४ थी