परसांतील कोंबडीचें शेवटचें दुखणें

कोंबडीच्या दुखण्यावर लेख लिहावा, असें आमच्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं कोणास सुचलें नसतें. नशिराबादच्या आमच्या वाड्याच्या परसांत गाय होती, तुळस होती. कोंबड्या मात्र सालदाराच्या अंगणांतल्या. पुढें मुलांनीं हट्टानें त्याच्याच घरून दोन पिलें आणिलीं, आणि आजींनीं दोन अटींवर तीं राहूं दिलीं: खुराडें विहिरीपलीकडे असावें, आणि अंडें स्वयंपाकघरांत येऊं नये. अंडीं सालदाराच्या घरीं जात. अशीं चार वर्षें गेलीं, आणि गेल्या पौषांत त्यांपैकीं तांबडी कोंबडी आजारी पडली. त्या आठ दिवसांत आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें कोणताही प्राणी पाळणाऱ्या कुटुंबास उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

पहिली गोष्ट ही कीं, कोंबडी आपलें दुखणें लपविते. अशक्त पाखरास सोबतचींच पाखरें टोंचतात आणि शिकारी प्राण्याची दृष्टि प्रथम त्याजवरच जाते. म्हणून अंगांत त्राण आहे तोंपर्यंत तें निरोग्यासारखें वावरतें. पिसें फुलवून, डोळे मिटून तें कोपऱ्यांत बसलेलें दिसतें, तेव्हां दुखणें बहुधा बरेंच पुढें गेलेलें असतें. तुरा फिका किंवा निळसर पडणें, शेपटी खालीं लोंबणें, विष्ठा हिरवट व पातळ होणें, छातीचें हाड हातास टोंचणें, या खुणा दाणे टाकतांना रोज पाहाव्या.

आजारी पाखरास लागलीच वेगळें ठेवावें. कोंबडीच्या अंगाची स्वाभाविक उष्णता सुमारें ४१ अंश सेल्सियस, म्हणजे माणसाहून चार अंश अधिक असते. यास्तव हिंवाळ्यांत टोपलींत गवत घालून, फडक्यांत गुंडाळलेली ऊन पाण्याची बाटली जवळ ठेवावी. खानदेशी उन्हाळ्यांत उलट गार सावली द्यावी. किंचित् गूळ व मीठ घातलेलें पाणी, ज्वारीच्या कण्यांची पेज पुढें ठेवावी. परंतु चोंच उघडून पाणी ओतूं नये. श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असल्यामुळें तें पाणी फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. चोंचीच्या कडेस थेंब लावावा; गिळावयाचा तो तिनें आपण होऊन. माणसांचीं औषधें अंदाजानें कधींही देऊं नयेत.

दुखणें सांथीचें आहे कीं एकटीचें, हें त्यानंतर पाहावें. एकाच वेळीं अनेक पाखरें मरूं लागलीं तर घरगुती उपचारांत वेळ न दवडतां सरकारी पशुवैद्यास कळवावें. मान मुरडणारा, आपल्याकडे मानमोडी किंवा राणीखेत म्हणून ओळखला जाणारा रोग विषाणूचा आहे. त्यास औषध नाहीं. पिलांस वेळेवर लस देणें हाच उपाय. बर्ड फ्लूची आठवणही खानदेशांत ताजी आहे. फेब्रुवारी २००६ मध्यें नवापूर येथें तो भारतांत प्रथम आढळला, आणि मार्चांत आमच्या जळगाव जिल्ह्यांतील मारूळ, सावदा यांसारख्या गांवीं परसांतल्या कोंबड्यांत निघाला. त्या वेळीं निरोगी पाखरेंही सरकारी पथकांनीं मारून पुरलीं. तेथें निर्णय घरधन्याच्या हातीं नव्हता. तो हातीं असतो, तेव्हांच खरी कसोटी लागते.

आमच्या तांबडीचें दुखणें सांथीचें नव्हतें. तिचें पोट पाण्यानें फुगलें होतें व ती पाय फांकून चालत असे. अंड्याचा बलक आपल्या वाटेनें न जातां उदरांत पडतो आणि तेथें कुजून दाह होतो, असें पशुवैद्यांनीं सांगितलें. अंडीं देणाऱ्या वयस्क कोंबड्यांत हें दुखणें पुष्कळदां होतें. त्यांनीं सुईनें पाणी काढलें, औषध दिलें, पण पुनः पाणी भरेल हेंही स्पष्ट सांगितलें. दोन दिवस ती मातींत लोळली, दाणेही टिपले. मुलांस हर्ष झाला. तिसऱ्या दिवशीं पोट पूर्ववत् झालें.

आतां घरांत दोन पक्ष पडले. जो जीव आपण देऊं शकत नाहीं तो घेण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असें आजींचें म्हणणें. सुईनें तिला सोडवावी, असें धाकट्या भावाचें. सालदाराच्या बायकोस या वादाचें नवल वाटलें. पहिल्याच दिवशीं कापली असती तर तिचे हाल तरी चुकले असते, असें ती म्हणाली. आजारी व औषध दिलेल्या पाखराचें मांस खाऊं नये हें खरें; तथापि तिच्या बोलण्यांतील दयेचा भाग आम्हांस नाकारतां येईना.

हाच वाद १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत झाला होता. एक वासरूं असह्य वेदनांत पडलें होतें. त्यास कूसही बदलतां येत नव्हती आणि वैद्यानें आशा सोडली होती. गांधीजींनीं आश्रमवासीयांशीं विचार केला. आजींसारखाच आक्षेप तेथेंही निघाला. अखेर त्यांनीं स्वतः हजर राहून डॉक्टरकडून त्यास सुई देवविली. त्यावर संतापाचीं पत्रें आलीं. त्यांचें उत्तर असें कीं, हिंसा ठरते ती हेतूवरून. आपल्या स्वार्थासाठीं नव्हे, तर त्या जीवाच्याच शांतीसाठीं, दुसरा उपाय उरला नसतां केलेलें हें कृत्य हिंसा नव्हे. पुढें १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानेंही, जिवंत ठेवणेंच क्रूरपणाचें ठरेल अशा प्राण्यास यातनांतून सोडविण्याची तरतूद केली.

आम्ही आजींस हें वाचून दाखविलें नाहीं. सकाळ-संध्याकाळ तीन गोष्टी पाहावयाच्या, एवढेंच सर्वांनीं ठरविलें: ती आपण होऊन खाते का? उभी राहते का? मुलांनीं हाक मारली तर मान वर करिते का? पहिल्या दिवशीं एक गोष्ट गेली, दुसऱ्या दिवशीं दुसरी. तिसऱ्या पहांटे, जिनें कोंबडीस कधीं हात लावला नव्हता त्या आजी आपल्या जुन्या धाबळीचा तुकडा घेऊन टोपलीपाशीं बसलेल्या दिसल्या. त्या म्हणाल्या, “आपल्याला सोडवत नाहीं म्हणून तिला अडकवून ठेवूं नका. बोलवा डॉक्टरांना.”

पशुवैद्य संध्याकाळीं आले. फार वेळ लागला नाहीं. मागच्या लिंबाखालीं खोल खड्डा करून, चुना घालून तिला पुरली. सर्वांनीं साबणानें हात धुतले. रात्रीं धाकट्या मुलीनें विचारलें, “आपण तिला मारलं का?” झोपविलें, देवाघरीं पाठविलें, असें सांगणें सोपें होतें. आम्ही म्हटलें, “होय, आपणच तसें ठरविलें. तिला बरी करणें आपल्या हातीं असतें तर तेंच केलें असतें.” ती थोडी रडली.

दुसऱ्या दिवशीं तीच आजींचा हात धरून खुराड्याकडे गेली. उरलेल्या कोंबडीस एकटें वाटत असेल, असें तिचें म्हणणें होतें.