मानेतला सेन्सर आणि कोसळणारा रक्तदाब

फीडबॅक लूपमधला सेन्सरच चुकला तर? चंडीगडच्या पीजीआयसारख्या रुग्णालयात मानेतली गाठ काढताना भूलतज्ज्ञापुढे हाच प्रश्न असतो. कॅरोटिड धमनीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे रक्तदाब टिपणारी चेतातंतूंची टोके असतात. सर्जनचे बोट तिथे दाबले गेले, की मेंदूला वाटते दाब वाढला. व्हेगस चेतातंतूतून आदेश जातो, हृदय मंदावते आणि मुळात ठीक असलेला दाब कोसळतो. अशा वेळी पहिला उपाय औषध नव्हे. सर्जनला हात थांबवायला सांगायचे. बहुधा तेवढ्याने ठोके सावरतात. नाहीच सावरले, तर ॲट्रोपिन. ती जागा बधिर केली तर खोटा संकेत थांबतो खरा, पण खराही थांबतो. मग दाब उलट चढू शकतो. लूप उघडा पडला ना!